मयताला शेवटचं कोण भेटलं?

आमचे सर कॉम्प्युटर 'बंद पडला' असं कधीच म्हणत नसत. 'वारला' म्हणत. आणि कॉम्प्युटर वारला की कॉलेजच्या लॅबमध्ये आधी शोकसभा होई, दुरुस्ती नंतर.

मी हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मी तिखटमीठ लावते आहे. पण नेवाशाच्या त्या कॉलेजात सरांच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा. निळा पडदा आला, की ज्याच्या मशीनवर तो आला त्यानं हात वर करायचा आणि सांगायचं, "सर, गेला." सर खडू खाली ठेवत, चष्मा काढून खिशात घालत आणि सगळ्या वर्गाला उभं करत. दोन मिनिटं स्तब्धता. त्या वेळात कुणी कीबोर्डला हात लावला, तर त्याला दारापाशी उभं राहावं लागे. मग चष्मा परत नाकावर चढे आणि सर विचारत, "मयताला शेवटचं कोण भेटलं?"

"मी, सर."

"गाव?"

"कुकाणा, सर."

"हां, कुकाणा, पुढं या. मयत शेवटी काय करत होतं?"

"अपडेट घेत होतं, सर."

"आणि तुम्ही?"

"मी वायर काढली, सर."

"का बरं?"

"मोबाईल चार्जिंगला लावायचा हुता."

"बसा. मृत्यूचं कारण समजलं."

सर मूळचे भौतिकशास्त्राचे. कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा ते शिकवायला कुणी धजेना, म्हणून सरांना कोर्स करायला पुण्याला धाडलं. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख वेगळीच होती. ते दशक्रियाविधीचे सूत्रसंचालक होते. आमच्याकडं दहाव्याला घाटावर प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच, चेअरमन, माजी सभापती अशी रांग लागते, आणि कुणाला आधी बोलावलं यावरून रुसवेफुगवे होतात. ते सगळं सांभाळायला सर. "एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर मयत माफ करतं, माजी सभापती करत न्हाई," असं ते म्हणायचे. सकाळी प्रवरेच्या घाटावर माईक, अकरा वाजता लॅबमध्ये माऊस. काही जुन्या मंडळींना तर शेवटपर्यंत वाटत होतं, की हे गृहस्थ दहावे करतात आणि फावल्या वेळात कॉलेजात जातात.

घाटावर त्यांच्या एक लक्षात आलं होतं. कुणी गेलं, की बसलेली बायामाणसं एकच प्रश्न विचारतात: शेवटचं कोण भेटलं होतं? त्या प्रश्नातून सगळी हकीकत बाहेर येते. काय खाल्लं, कुठं गेले, कुणाशी भांडले. सरांनी तो प्रश्न उचलून लॅबमध्ये आणला. आणि स्तब्धता आणली ती आमच्या बोटांसाठी. "मशीन मरताना जेवढं बिघडत न्हाई, तेवढं मेल्यावर बिघडतं," ते सांगत. "घाबरलेल्या माणसाची बोटं लई काम करतात."

सर कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी मिरजगावची, म्हणून मी 'मिरजगाव'. मावशी नेवाशाला दिलेली, तिच्याकडं राहून मी शिकत होते. एकाच गावची दोघं असली, तर एक वरचं कुकाणा आणि एक खालचं कुकाणा. पुढं लग्न होऊन मी राहुरीची झाले, तिथून एसटीनं ये-जा करू लागले, पण सरांच्या लेखी गाव बदललं नाही. मशीनना मात्र ते माणसांसारखी नावं ठेवत. खिडकीजवळच्या एका जुन्या कॉम्प्युटरचं नाव होतं आत्याबाई. सुरू व्हायला फार वेळ लावी, आणि एकदा सुरू झाला की त्याचा पंखा असा घरघरे की शेजारच्याला बोलता येत नसे. सर वर्गात शिरताना त्याच्याकडं बघून विचारत, "उठल्या का आत्याबाई?" कुणी 'नाही' म्हणालं तर हळू आवाजात बोलत.

दुसऱ्या वर्षाला सर एक प्रॅक्टिकल घेत, जे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. प्रत्येकानं एकदा आपल्या हातानं मशीन मारायचं आणि आपल्याच हातानं उठवायचं. मारायची रीत ठरलेली. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर काढून टाकायचा आणि मशीन बंद करून परत सुरू करायचं. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याची डिस्क यांच्यामधला माणूस. तो गेला तरी डिस्कवरचं सगळं जागच्या जागी असतं, फक्त कॉम्प्युटरला तिथवर पोचता येत नाही.

"घरात धान्य भरलेलं हाय," सर समजावत. "पण किल्ली आत ठेवून तुमी दार ओढून घेतलंय. आता दारावर लाथा मारून उपयोग न्हाई. चार कौलं सरकवायची, आत उतरायचं न् आतून कडी काढायची."

कौलं सरकवणं म्हणजे सेफ मोड.

आमच्या घरात तोवर मशीन एकच होतं, रसवंतीचं. नगर-सोलापूर रस्त्याला फाट्यावर वडिलांची रसवंती. चरकाला घुंगरं बांधलेली, आणि त्या घुंगरांच्या आवाजात मला लहानपणापासून एकच शिकवण मिळालेली: चालू मशीनला हात लावायचा नाही. त्यामुळं पहिलं वर्षभर मी माऊससुद्धा बोटांच्या टोकांनी धरत असे. माझी पाळी आली तेव्हा सर माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"मिरजगाव, काढ ड्रायव्हर."

"नको, सर."

"का?"

"महागाचं आहे, सर."

"कॉलेजचं हाय. तुझ्या बापाचं असतं तर मीच नको म्हणलो असतो. काढ."

मी काढला. काहीच झालं नाही. मशीन जसंच्या तसं चालू. मी म्हटलं, "सर, हे तर चाललंय की."

"चालणारच. गडी काढला ते लगेच कळत न्हाई. सकाळी धारा काढायची येळ झाली की कळतं. आता बंद करून चालू कर."

बंद करून चालू केलं, आणि निळा पडदा आला. त्यावर टिंबं आणि कंस जोडून केलेलं एक रडकं तोंड. ते बघून मलाही रडू फुटलं. सर म्हणाले, "तू कशाला रडती? रडायला मयत समर्थ हाय."

मग त्यांनी उठवायचं शिकवलं. मशीन सुरू होऊ लागलं की बटण दाबून धरून त्याला झोपवायचं. पुन्हा उठवायचं, पुन्हा झोपवायचं. दोन-तीनदा असं केलं, की ते स्वतःच कबूल करतं की आपल्याला बरं नाही, आणि दुरुस्तीचे पर्याय समोर ठेवतं. त्यातून वाट काढत सेफ मोडला जायचं. तिथं मशीन जादाचं काही मागत नाही. त्याच्याजवळचे साधे, घरचे ड्रायव्हर घेऊन हळूहळू उठतं. पडदा काळा, आणि चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. "ही आजाऱ्याची खिचडी," सर म्हणाले. "तिखट न्हाई, फोडणी न्हाई. पण पोटात ऱ्हाती." खिचडी पचली की परत सुरू करायचं. मी तसं केलं, आणि माझं मशीन उठलं. सरांनी टेबलाच्या खणातून डबा काढून सगळ्या वर्गाला चिमूट चिमूट साखर वाटली.

त्या दिवशी मी वडिलांना फोन केला. म्हटलं, "दादा, आज मी कॉम्प्युटर मारला."

पलीकडं घुंगरं थांबली. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, "कुणी बघितलं तर न्हाई ना?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पदवी मिळाली तेव्हा सरांनीच खटपट करून मला त्याच लॅबमध्ये तासिकेवर घेतलं. वडिलांनी रसवंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगून सांगून बेजार केलं. नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या ट्रकवाल्यालाही रसाचा ग्लास हातात घेऊन ऐकावं लागे, की आमची पोरगी नेवाशाच्या कॉलेजात मॅडम आहे. ते ऐकलं की ग्लासात लिंबू जास्त पिळलं जाई.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना दोन गोष्टींची आवड होती. एक, माणसं कमी करणं. जिथं जातील तिथं मोजत, आणि एका कामाला दोन दिसले की बेचैन होत. कॉलेजच्या फाटकाला दोन झडपा होत्या, त्यातली एकसुद्धा त्यांनी काढून ठेवली होती. एकच उघडते ना, मग दुसरी कशाला?

दुसरी आवड श्रद्धांजलीची. तालुक्यातला दहावा आबांच्या भाषणाशिवाय होत नसे, आणि त्यांच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य असेच: "कालच माझी त्यांची भेट झाली होती. अगदी हसून बोलले." वास्तविक दहाव्याला 'कालच' कसं जमेल? पण आबांना ते वाक्य लागायचंच. सर माईक त्यांच्या हाती देऊन माझ्याकडं यायचे आणि कानात म्हणायचे, "बघ, हे बी काल भेटले." कारण ओळखीचं कुणी गेलं तर दहाव्याला मीही घाटावर असायची.

तर एकदा कॉलेजला तपासणी समिती येणार होती. आदल्या दिवशी आबा सगळीकडं फिरून बघत लॅबमध्ये आले. दारातच मोजणी केली.

"मास्तर, हितं दोन माणसं कशाला?"

"एक मी, एक मिरजगाव," सर म्हणाले.

"ते दिसतंय. कामं दोन हायत का?"

"काम एकच हाय, आबा. पण लई हाय."

"समिती जाऊ द्या. मग बसून एक कमी करू."

सर कायम नोकरीतले, मी तासिकेवरची. कमी कोण होणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आबा गेले, आणि मला फाट्यावरचे ते सगळे ट्रकवाले आठवले. आता दादा त्यांना काय सांगतील? मी सरांना म्हटलं, "सर, मी दुसरीकडं बघू का?" सर आत्याबाईंचा पंखा फडक्यानं पुसत होते. म्हणाले, "अजून वारली न्हाईस. शोकसभा आधी कशाला घेती?"

दुसऱ्या दिवशी समिती दुपारी पोचणार होती. सकाळी शिपाईमामा धापा टाकत लॅबच्या दारात आले. "सर, आबांच्या केबिनमधला गेला!"

समितीला दाखवायची कॉलेजची सगळी माहिती त्याच मशीनमध्ये होती. माहिती बाहेर फुटेल म्हणून आबांनी तिची दुसरी प्रत कुणाला काढू दिली नव्हती. आम्ही पळत गेलो. पडद्यावर ते रडकं तोंड, आणि त्याच्याभोवती प्राचार्य, हेडक्लार्क आणि आबा. हेडक्लार्क मागच्या वायरी उपसत होते. प्राचार्य एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. आबा मशीनला वरून थापट्या मारत होते, बैलाला मारतात तशा.

"हात काढा!" सर गरजले. "सगळे उभे ऱ्हा."

उभे राहिले. अध्यक्षांच्या केबिनमध्ये अध्यक्षांवर कुणी ओरडल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

"दोन मिनिटं स्तब्धता," सर म्हणाले आणि चष्मा काढला.

"अहो मास्तर, समिती नगरहून निघाली," प्राचार्य कळवळले.

"निघू द्या. लांबून येणाऱ्यांची घाई आपुन कशाला करायची? मयत हितं हाय."

आबा लालबुंद झाले होते. "मास्तर, नाटकं बंद करा! उद्यापासून तुमच्या लॅबला—"

तेवढ्यात सरांनी टेबलावरचा माऊस उचलला, वायरीसकट त्यांच्यापुढं धरला आणि घाटावरच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "यानंतर मी संस्थेचे अध्यक्ष आदरणीय आबांना विनंती करतो, की त्यांनी आपल्या भावना दोन शब्दांत व्यक्त कराव्यात."

आबांचा हात आपोआप पुढं आला. इतक्या वर्षांची सवय. एवढ्या माणसांसमोर हातात काहीतरी आलं की ते बोलणारच. त्यांनी माऊस तोंडाजवळ नेला, घसा साफ केला आणि आवाज खाली आणला.

"आज आपल्यातून... एक अत्यंत मनमिळाऊ... कष्टाळू... असा आपला सहकारी निघून गेलेला आहे. इतकी वर्षं यानं कधी तक्रार केली न्हाई. माझा तर इश्वासच बसत न्हाई. कारण कालच संध्याकाळी माझी त्याची भेट—"

आबा थांबले. माऊस हळूहळू खाली आला.

सरांनी चष्मा नाकावर चढवला. "काय बोलणं झालं, आबा?"

"कुणाचं?"

"तुमचं न् मयताचं. काल."

आबा खिडकीकडं बघू लागले. "काय न्हाई... मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कॉम्प्युटर जलद कसा करायचा. म्हणलं समिती यायचीय, करून बघू. त्यात शिरलो, तर आत एकाच खात्यात दोन-दोन कंट्रोलर. म्हणलं, एका कामाला दोन कशाला? एक कमी केला."

"कंचा कमी केला?"

"लांबड्या नावाचा. दुसऱ्याचं नाव जरा ओळखीचं वाटलं, म्हणून त्याला ठेवला."

हेडक्लार्कना एकाएकी मोठा खोकला आला आणि ते तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले.

"मिरजगाव," सर म्हणाले, "बस खुर्चीवर."

"सर, तुम्हीच..."

"मी सूत्रसंचालन करतोय. दिसत न्हाई का? बस."

अध्यक्षांच्या खुर्चीत मी बसले. उठवलं, झोपवलं. परत उठवलं, परत झोपवलं. आबांना राहवेना. "ही पोरगी त्याला मारती का जगवती?" सर म्हणाले, "आबा, तुमचं भाषण झालंय." शेवटी पडद्यावर पर्याय आले. मी सेफ मोडला हात घातला, आणि मग ती छोटी टिंबं गोल गोल फिरू लागली. किती वेळ फिरत होती कुणास ठाऊक. मला सारखं वाटत होतं, की हे उठलं नाही तर फाट्यावरची घुंगरं वाजायची थांबतील.

पडदा उजळला. म्हणजे काळाच झाला, पण चारी कोपऱ्यांत शब्द आले.

"असं सुतकात असल्यावानी काळं का?" आबांनी विचारलं.

"खिचडीवर हाय," सर म्हणाले. "मिरजगाव, आता जेवायला वाढ."

मी परत सुरू केलं. आबांचा नेहमीचा फोटो पडद्यावर आला, फेट्यातला. प्राचार्यांनी त्या फोटोलाच हात जोडले. शिपाईमामा लॅबमधून साखरेचा डबा घेऊन आले होते. त्यांना आधीच सांगून ठेवावं लागत नसे.

साखर तोंडात टाकून आबा मशीनपाशी वाकले. मी डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला. स्टोरेज कंट्रोलर परत दोन.

"म्हंजी मी ज्याला कमी केला..."

"डिस्क तोच वाचत हुता," सर म्हणाले. "तुमी ठेवला त्याचं काम निराळं. आपल्या हितं त्याला कायबी काम न्हाई. नुसता यादीत हाय."

आबांनी सरांकडं बघितलं. मग खुर्चीतल्या माझ्याकडं बघितलं. मग परत सरांकडं.

"आमच्यातला कुठला कमी करायचा ते सावकाश ठरवा, आबा," सर अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाले. "ओळखीचं नाव माझं हाय, एवढं सांगून ठेवतो."

"मास्तर, तुमी लई आगाऊ हायत," आबा म्हणाले. आणि मला म्हणाले, "तू ऊठ आता माझ्या खुर्चीतनं. समिती येतीय. आणि कुटं जाऊ नको. हितंच थांब. दुपारी परत मेला तर?"

'हितंच थांब' एवढंच बोलले. पण लॅबमधली माणसं कमी करायचा विषय त्यानंतर निघाला नाही. दुसरा फरक घाटावर दिसला. पुढच्याच एका दहाव्याला आबा उभे राहिले, घसा साफ केला आणि जरा जोर देऊन म्हणाले, "गेल्या महिनाभरात माझी त्यांची भेट झालेली न्हाई." पुढं कायम तेच वाक्य. साक्ष द्यावी तसं सांगतात. नवख्या लोकांना कळत नाही. सर मात्र माईकच्या मागं उभे राहून खांदे हलवत हसत असत.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाला हॉल भरला होता. कुणीतरी हुंदका देत म्हणालं, की आज आपल्यातून एक थोर व्यक्तिमत्त्व... सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "थांबा, थांबा. मी अजून चालू होतोय." आबा माईकवर जाऊन म्हणाले, "बसा, मास्तर. काय काळजी करू नका. काल मी तुमाला भेटलेलोच न्हाई."

सरांच्या जागी नवीन माणूस आला नाही. आता लॅबमध्ये मी एकटीच असते. शेवटी एक कमी झालाच. मुलांना मी गावानंच हाक मारते. ते प्रॅक्टिकलही घेते, अभ्यासक्रमात अजूनही नसलेलं. साखरेचा डबा तोच आहे. आत्याबाई मात्र मोडीत गेल्या, आणि त्या दिवशी तिन्ही वर्गांनी मिळून शोकसभा घेतली.

तरी अधूनमधून एखादं मशीन असं जातं, की माझं काही चालत नाही. मग मी सरांच्या घरी फोन लावते. "सर, मिरजगाव बोलतेय. गेला."

फोनवर काहीच ऐकू येत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं लाईन गेली, आणि मी दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं. आता करत नाही. मीही लॅबमध्ये कीबोर्डवरचा हात काढून उभी राहते, आणि मला उभं बघून मुलंही उठतात. पलीकडून लांबून काकूंचा आवाज येतो, "अहो, ताट वाढलंय ना! असं मधेच उठून काय उभं ऱ्हायलाय?"

मग चष्म्याच्या काड्या उघडल्याचा बारीक आवाज येतो.

"हां, मिरजगाव. बोल. शेवटचं कोण भेटलं?"